टेकडीवरची दोन अक्षरं

घोडा तेवढा नव्हता.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. समोर थंडीने पिंगट पडलेलं कुरण, कुरणाच्या कडेला पानं झडलेली झाडं, झाडांमागे बुटक्या टेकड्यांचा आडवा पट्टा आणि त्या टेकड्यांच्या पाठीमागून, मध्ये एकही पायरी न ठेवता, थेट आभाळात चढलेली सिएरा नेवाडाची बर्फाची भिंत. पहाटेचे सव्वासहा. हातमोज्यात बोटं शाबूत आहेत का, हे मधूनमधून चाचपावं लागत होतं. भाचा गाडीत हीटर लावून बसला होता आणि दर पाच मिनिटांनी काच दोन बोटं खाली करून विचारत होता, "मामा, आला का घोडा?"

हा घोडा मी पहिल्यांदा पाहिला तो मिरजेत, 1978 साली. सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर एका फोटो स्टुडिओत मी उमेदवारीला होतो. डार्करूमच्या दाराला आतल्या बाजूने एका विलायती मासिकातलं पान चिकटवलेलं होतं. हायपोचे शिंतोडे उडून त्याचा एक कोपरा पिवळा पडला होता. वर पांढरीशुभ्र शिखरं, खाली काळ्याकुट्ट टेकड्यांचा रुंद पट्टा आणि अगदी तळाशी उन्हाची चिंचोळी तिरीप. त्या तिरिपेत मान खाली घालून चरणारा एक घोडा, तिळाएवढा. लाल दिव्यात तो दिसायचासुद्धा नाही. दिवा लावला की दिसायचा. उस्ताद त्या पानाकडे बोट दाखवून म्हणायचे, "पासपोर्टात चेहरा दिसला की झालं. ह्यात बघ, काळा कसा भरलाय. त्या काळ्यामुळं घोडा वर आलाय. काळा नसता तर कुत्रंसुदिक बघितलं नसतं त्याच्याकडं."

पानाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: ॲन्सेल ॲडम्स, लोन पाईन, कॅलिफोर्निया, 1944. लोन पाईन हे एखाद्या झाडाचं नाव असेल असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. ते गाव निघालं.

भाचा लॉस एंजेलिसला असतो. मी आल्यावर त्याने यादी करूनच ठेवली होती: डिस्नेलँड, लास वेगास, ग्रँड कॅन्यन. मी म्हटलं, मला लोन पाईनला ने. "तिथे काय आहे?" "एक घोडा आहे." त्याने आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, मिरजेला फोन लावून माझी तब्येत बरी आहे ना याची चौकशी केली, हे मला नंतर कळलं.

लॉस एंजेलिसपासून लोन पाईन सुमारे 340 किलोमीटर. शहर संपता संपत नाही आणि संपलं की एकदम वाळवंटच सुरू होतं. मोहावीचं उजाड रान, मैलोन्मैल काटेरी झुडपं, आणि त्यातून सुतात ओढल्यासारखा 395 नंबरचा रस्ता. मग डावीकडे सिएरा हळूहळू उंच होत जाते, उजवीकडे इन्योचे तपकिरी डोंगर येतात आणि मध्ये ओवेन्सची दरी उघडते. तिथे पहिलं तळं लागलं. म्हणजे नकाशात तळं, निळ्या रंगात. गाडीतून पाहिलं तर मिठागरासारखा पांढरट माळ, त्यावर कुठे कुठे उथळ पाण्याची झिलई.

"पाणी कुठे गेलं रे?"

"माझ्या घरात," भाचा म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. लॉस एंजेलिसने 1913 साली ओवेन्स नदीचं पाणी कालव्यात घालून शहराकडे वळवलं. कालवा 375 किलोमीटरचा, आणि पाणी कुठेही पंपाने न चढवता नुसत्या उताराने जातं. दहा-बारा वर्षांत तळं कोरडं पडलं आणि त्याच्या तळाची खारट धूळ दरीभर उडायला लागली. आता ती धूळ दाबून ठेवायला त्याच शहराला त्या तळ्यात थोडं थोडं पाणी परत शिंपडावं लागतं. पाण्याची झिलई म्हणजे तेच. दरीतले मूळचे पायूट लोक या प्रदेशाला वाहत्या पाण्याची भूमी म्हणत. मी गाडी थांबवायला सांगून फोटो काढला. फोटोत तो माळ फार सुंदर आला; पांढरा तळ, निळी झिलई, मागे बर्फ. कुणाला दाखवला तर म्हणेल, काय जागा आहे!

पहाटेच्या त्या कुरणात मला मात्र वेगळीच चिंता होती. आभाळ निरभ्र होतं.

आधी शिखरं गुलाबी झाली. हा गुलाबी माझ्या हिशेबात नव्हता. 47 वर्षं मी हा डोंगर काळा-पांढराच पाहिला होता. गुलाबी रेघ वरून खाली सरकत आली, मग केशरी झाली, मग नुसती पांढरी. दरीत अजून सावलीच, कारण आमच्या पाठीमागे पूर्वेला इन्योची रांग. सूर्य तिच्यावरून डोकावेपर्यंत कुरणाला ऊन मिळत नाही. आणि मग सूर्य वर आला तो सगळ्यांवर एकदमच. कुरणावर ऊन, झाडांवर ऊन आणि टेकड्यांवरही ऊन. उस्तादांनी ज्या काळ्यासाठी मला पंचवीस वेळा प्रिंट काढायला लावली असेल, तो काळा त्या टेकड्यांत नव्हताच. त्या होत्या भाजक्या विटेच्या रंगाच्या, गुळगुळीत दगडांच्या, चांगल्या हसऱ्या टेकड्या. समोरचं दृश्य लग्नातल्या ग्रुप फोटोसारखं दिसायला लागलं: सगळे उजेडात, सगळे सारखे, कुणाकडे बघावं कळू नये.

त्याच वेळी माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी थंडीने उतरली. ॲडम्सच्या कॅमेऱ्याला बॅटरी नव्हती, एवढंच मनात येऊन गेलं.

लोन पाईनच्या एका कॉफीच्या दुकानात बसून भाच्याने फोनवर मजकूर शोधून काढला. ॲडम्सने 1983 साली आपल्या 40 फोटोंच्या जन्मकथा सांगणारं पुस्तक काढलं, त्यात या घोड्याचीही आहे. तो चार पहाटे इथे येऊन रिकाम्या हाताने परत गेला होता, डोंगर ढगांत बुडालेले होते. पाचव्या पहाटे डोंगर उघडे झाले, पण ढग पूर्ण गेले नव्हते. त्यांच्या सावल्या कुरणावरून आणि टेकड्यांवरून पळत होत्या. गाडीच्या टपावर बसवलेल्या फळीवर त्याने आठ बाय दहाचा कॅमेरा लावला, लांब पल्ल्याची लेन्स, पुढे गडद पिवळा फिल्टर. घोडा चरत होता, पण कॅमेऱ्याकडे ढुंगण करून. ॲडम्स थंडीत वाट पाहत राहिला. कुरणावर ऊन, टेकड्यांवर सावली असा क्षण आला आणि ऐन वेळी घोडा आडवा वळला.

म्हणजे उस्तादांचा काळा हा ढगाचा काळा होता. मी 340 किलोमीटर येऊन नेमका ढग घरी विसरलो होतो.

पण त्या मजकुरात पुढे आणखी एक गोष्ट होती. ती ऐकताना माझ्या हातातली कॉफी निवली.

सकाळी ऊन पसरल्यावर मी दुर्बिणीतून टेकड्या न्याहाळत होतो, तेव्हा डाव्या बाजूच्या टेकडीवर मला फिकट पांढरी दोन इंग्रजी अक्षरं दिसली होती. एल आणि पी. आपल्याकडे डोंगरावर देवस्थानाचं नाव चुन्याने लिहितात तशी. दुकानातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शाळेची अक्षरं ती. लोन पाईन. गावच्या हायस्कुलातली पोरं चढून जातात आणि रंगवतात. ॲडम्सने फोटो काढला तेव्हाही ती होतीच. चांगली ठळक होती. त्याला ती भयंकर खटकली. डोंगरावरची जखम वाटली. त्याने ती निगेटिव्हवरून जितकी काढता येतील तितकी काढली आणि जी थोडी उरली ती दर प्रिंटवर ब्रश घेऊन बुजवली. जन्मभर. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे, लपवलेलं नाही.

मला हसावं की रडावं कळेना. कारण टचिंग हा माझा धंदा होता.

आताच्या पोरांना टचिंग म्हणजे काय ते सांगावं लागतं. निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग बुजवायचे. त्या काळात देवीचे व्रण असलेले चेहरे पुष्कळ होते. मुलगी दाखवायची तर आधी फोटो जायचा. मुलीचे वडील स्टुडिओत येऊन पैसे देताना आवाज खाली करून म्हणायचे, "जरा टचिंग नीट करा." मी शेकडो व्रण पुसले. एकदा एक मुलगी लग्नानंतर वर्षाने आली, नवऱ्याबरोबर फोटो काढायला, आणि मला म्हणाली, "ह्या वेळी काही पुसू नका, त्यांनी बघितलंय सगळं." तिचा तो फोटो माझ्या हातून गेलेल्या चांगल्या फोटोंपैकी एक आहे.

तर जो काळा मी डार्करूमच्या दारावर बघून शिकलो, त्यात पोरांनी रंगवलेलं गावाचं नाव पुसलेलं होतं. उस्ताद विचारायचे, ह्या काळ्यात काय आहे सांग. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुपारी त्या टेकड्यांतच फिरलो. अलाबामा हिल्स हे त्यांचं नाव. त्यांचा अलाबामा राज्याशी काही संबंध नाही; अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेबद्दल सहानुभूती असलेल्या इथल्या खाणवाल्यांनी दक्षिणेच्या एका लढाऊ जहाजाचं नाव टेकड्यांना दिलं. जवळ जाऊन पाहिलं तर हंपीची आठवण येईल असे दगड: गोल, एकावर एक तोललेले, मधून मधून आरपार भोकं पडलेले. एका भोकातून माउंट व्हिटनी दिसतो. व्हिटनी 4421 मीटर, अलास्का सोडली तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर. पण गावातून बघणाऱ्याला ते उंच वाटतच नाही, कारण अलीकडचं लोन पाईन पीक जवळ असल्यामुळे जास्त दांडगं दिसतं. मी पहिल्या संध्याकाळी त्यालाच व्हिटनी समजून नमस्कार केला होता.

आणि मग एका वळणावर फलक: गंगा दीन. मी दोनदा वाचला. 1939 साली हॉलिवुडने 'गंगा दीन' नावाचा सिनेमा काढला, किपलिंगच्या कवितेवरून. ब्रिटिश पलटणीचा भिस्ती, कालीमातेचे ठग, वायव्य सरहद्दीचे डोंगर वगैरे. ते वायव्य सरहद्दीचे डोंगर म्हणजे हेच. सिएरा नेवाडाने आपल्या हिंदुस्थानचं काम केलं होतं, आणि न्यू यॉर्कचा ज्यू नट सॅम जॅफी इथे तोंडाला रंग लावून भिस्ती झाला होता. पुढे 2008 साली 'आयर्न मॅन'मध्ये याच दगडांनी अफगाणिस्तानचं काम केलं. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही भारतातून भारतातच आलाय." गोल दगडाला टेकून मी बराच वेळ हसत होतो. चाळीस-पन्नास वर्षं फोटोचा धंदा केलेल्या माणसाला, डोंगर तुम्ही सांगाल ते काम करतो आणि त्याचं तो मानधनही मागत नाही, हे कळायला इतक्या लांब यावं लागलं.

खरी गोष्ट पुढे होती, 15 किलोमीटरवर. मला ठाऊक नव्हती. भाच्याने रस्त्यावरची पाटी वाचून विचारलं, जायचं का?

ॲडम्स त्या हिवाळ्यात लोन पाईनला घोड्यासाठी आलेला नव्हता. त्याचं काम मान्झानारला होतं. पहाटेचा फोटो हा कामावर जाण्याआधीचा उद्योग. मान्झानार म्हणजे स्पॅनिश भाषेत सफरचंदाची बाग. एकेकाळी इथे खरोखर सफरचंद आणि नासपतीच्या बागा होत्या. 1920च्या दशकात लॉस एंजेलिसने पाण्यासाठी जमिनी विकत घेतल्या आणि बागा वाळल्या. त्या ओसाड जागेवर 1942 साली अमेरिकन सरकारने छावणी उभारली. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडायला लावून अशा दहा छावण्यांत कोंडलं गेलं. त्यातले दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. कुणावर खटला नाही, आरोप नाही. मान्झानारमध्ये एका वेळी दहा हजारांवर माणसं होती. वीस बाय शंभर फुटांच्या फळकुटांच्या बराकी, त्या चार खोल्यांत विभागलेल्या, एका खोलीत आठ आठ जण. फळ्यांच्या फटीतून धूळ यायची. भोवती काटेरी तारा आणि टेहळणीचे आठ मनोरे.

आता तिथे बराकी नाहीत. दोन-तीन नव्याने बांधून ठेवल्या आहेत, एक मनोराही तसाच उभा केला आहे. बाकी रिकामं रान, आणि त्यात सिमेंटच्या पायऱ्या, ज्या कुठेच जात नाहीत. वारा मात्र जुनाच असावा. गाडीचं दार उघडायला भाच्याला खांदा लावावा लागला.

पर्यटकांसाठीची इमारत म्हणजे छावणीतलंच जुनं सभागृह. मी तिथे दोन तास काढले, त्यातला बराचसा वेळ तीन फोटोग्राफरांच्या कामापुढे. एकाच डोंगराखाली, एकाच छावणीत, दोन-तीन वर्षांच्या अंतराने तिघांनी काम केलं.

पहिली डोरोथिया लँग. तिला सरकारनेच पाठवलं, 1942च्या उन्हाळ्यात. तिचा एक फोटो आहे, 3 जुलैचा: धुळीचं वादळ उठलंय, बराकींच्या मधल्या रस्त्यावर अमेरिकेचा झेंडा वाऱ्याने ताठ झालाय आणि मागे डोंगर धुळीत विरघळत चाललेत. तेच डोंगर! पण तिने ते मोठे होऊ दिले नाहीत. सरकारने तिचे फोटो ताब्यात घेतले आणि युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवले.

दुसरा तोयो मियाताके. तो कोंडलेल्यांपैकीच. लॉस एंजेलिसमध्ये त्याचा स्टुडिओ होता, म्हणजे माझाच भाऊबंद. जपानी वंशाच्या माणसांना कॅमेरा बाळगायला बंदी होती. त्याने एक लेन्स आणि फिल्मचा होल्डर चोरून आत आणला आणि छावणीतल्या सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. ती दिसते जेवणाच्या डब्यासारखी. त्या डब्याच्या कॅमेऱ्याने तो गुपचूप फोटो काढत राहिला. सापडल्यावर छावणीच्या संचालकाने त्याला बंद केलं नाही. उलट फोटो काढायची परवानगी दिली, पण सुरुवातीला अट अशी की मांडणी त्याने करायची आणि बटण मात्र गोऱ्या माणसाने दाबायचं. हे वाचताना मी मोठ्याने "अरेच्चा" म्हणालो आणि शेजारचे दोघे वळून बघायला लागले. त्याच्या एका फोटोत तीन पोरं काटेरी तारेशी उभी आहेत, मागे टेहळणीचा मनोरा. डोंगराकडे लक्षच जात नाही.

तिसरा ॲडम्स. तो 1943 साली आला, संचालक राल्फ मेरिट हा त्याचा जुना स्नेही, त्याच्या बोलावण्यावरून. अटी होत्या: काटेरी तारा नकोत, मनोरे नकोत, बंदूकधारी शिपाई नकोत. ॲडम्सने माणसांचे चेहरे काढले, अगदी जवळून, स्वच्छ उजेडात, बहुतेक हसरे. शाळेतली मुलं, नर्स, शेतकरी, पुजारी. त्याचं पुस्तक 1944 साली निघालं आणि युद्ध चालू असताना, या लोकांवरचा संशय कायम असताना, हे आपल्याइतकेच अमेरिकन आहेत असं सांगणारं पुस्तक काढायला धाडस लागतं. ते त्याने केलं. हे फोटो त्याने 1965 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले. पण हसरे चेहरे बघून, छावणी म्हणजे जणू हवा पालटायला आलेल्यांची वसाहत वाटते अशी टीका त्याच्यावर झाली, ती आजही होते.

एका फोटोपाशी मी थबकलो. बराकींच्या रांगा वरून दिसतायत, पलीकडे सिएरा. नाव: टेहळणीच्या मनोऱ्यावरून मान्झानार. मनोऱ्याचा फोटो काढायचा नाही ना? तो मनोऱ्यावर चढला आणि मनोऱ्याच्या डोळ्यांनी फोटो काढला. फोटोत मनोरा नाही, पण मनोऱ्याशिवाय तो फोटो निघणारच नाही. ही चलाखी मला फार आवडली. टचिंगवाल्यालाच ती सुचते.

पण त्याचा मान्झानारचा सर्वांत गाजलेला फोटो माणसांचा नाही. माउंट विल्यमसनचा आहे, 1944चा. पुढे प्रचंड गोटे, हत्तीच्या पाठीसारखे, एकामागे एक, दूरवर पसरलेले. त्यापलीकडे शिखर, शिखरावर वादळी ढग आणि ढगांतून तिरपे उतरणारे उजेडाचे झोत. जगाचा पहिला दिवस असावा तसं सगळं. 1955 साली न्यू यॉर्कच्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या प्रसिद्ध प्रदर्शनात तो भिंतभर लावला होता. पुढच्याच वर्षी ते प्रदर्शन मुंबईत आलं. उस्ताद त्या वर्षी मुंबईत होते का, ते विचारायचं माझं राहून गेलं.

त्या गोट्यांच्या रानाकडे तोंड करून मी उभा राहिलो. डोंगर पश्चिमेला. ज्याला गोटे आणि शिखर एका चौकटीत हवंय, त्याला पश्चिमेकडेच बघावं लागतं. छावणी पूर्वेला, उताराखाली. म्हणजे तो फोटो काढताना कॅमेऱ्याची पाठ छावणीकडे होती. दहा हजार माणसं मागे आणि पुढे जगाचा पहिला दिवस.

मला राग आला, आणि रागाबरोबर लाजही वाटली, कारण तो फोटो पाहून याआधी दरवेळी माझ्या अंगावर काटा आला होता आणि आत्ताही येत होता. ॲडम्स मूळचा पियानोवादक. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो म्हणायचा. मीरासाहेबांच्या उरुसात रात्र रात्र गाणं ऐकलेल्या मिरजकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. बंदिश तीच, गाणारा रोज वेगळी गातो. कुठला स्वर घ्यायचा यापेक्षा कुठला सोडायचा यात त्याचं गाणं असतं. पण रागात वर्ज्य केलेला स्वर ऐकणाऱ्याला माहीत असतो. इथे वर्ज्य काय केलंय हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

ॲडम्सचं म्हणणं वेगळं होतं. या अफाट डोंगरांनी इथल्या लोकांना धीर दिला, त्यांचं मन मोठं ठेवलं, असं त्याने पुस्तकात लिहिलं. बाहेरच्या माणसाने, रात्री तारेबाहेर झोपायला जाणाऱ्याने, हे लिहायचं म्हणजे मला जरा जास्तच वाटलं. भाच्यालाही तसं बोलून दाखवलं.

मग आम्ही एका कोळ्याच्या फोटोपाशी आलो. मियाताकेनेच काढलेला. हेइहाची इशिकावा, वयस्क, डोक्याला टोपी, चेहरा रापलेला, हातात ओवलेल्या ट्राउट माशांची माळ. छावणीतले काही लोक रात्री शिपायांची नजर चुकवून तारेखालून निसटायचे आणि सिएराच्या ओढ्यांवर मासे धरायला जायचे. पळून जायला नव्हे; मासे धरून परत यायचे. हा इशिकावा तर दोन-दोन, तीन-तीन आठवडे वर डोंगरातच राहायचा, उंचावरच्या तळ्यांपाशी, आणि परत येऊन तारेच्या आत शिरायचा. आणखी कुणी छावणीतच बागा केल्या होत्या, तळी खणली होती, डोंगरातून दगड आणून रचले होते. त्यांचे अवशेष वाळूतून उकरून काढलेत. आम्ही ते पाहिले.

म्हणजे ॲडम्स अगदीच चुकला नव्हता. फक्त त्या डोंगराने काय दिलं हे सांगणारा फोटो त्याच्या आठ बाय दहाच्या कॅमेऱ्यातून न निघता, ज्याला बटण दाबायची परवानगी नव्हती त्याच्याकडून निघाला. त्यात डोंगर दिसतही नाही. मासे दिसतात.

छावणीच्या पश्चिम टोकाला दफनभूमी आहे. तिथे एक पांढरा खांब आहे, 1943 साली कोंडलेल्या लोकांनीच उभारलेला, र्योझो काडो या गवंड्याच्या हातचा. त्यावर तीन काळी जपानी अक्षरं: आत्म्यांना शांती देणारा मनोरा, अशा अर्थाची. आठ मनोऱ्यांच्या गराड्यात लोकांनी स्वतःसाठी बांधलेला नववा. पायथ्याशी नाणी, खडे, कागदाचे पक्षी. मागे बरोब्बर माउंट विल्यमसन. आज इथे येणारा प्रत्येकजण हा खांब आणि ते शिखर एका चौकटीत घेतो. मीही घेतला. बॅटरी नवी होती.

परतीच्या दिवशी पहाटे मी पुन्हा कुरणाकडे गेलो. भाचा या वेळी गाडीतून उतरला, टोपी कानावर ओढून शेजारी उभा राहिला. पश्चिमेकडून थोडे ढग आले होते. सूर्य इन्योवर आला, आणि पाच-सात मिनिटं टेकड्यांवर सावली धरली. अगदी काळी नाही, पण उस्तादांनी पास केली असती अशी. कुरणावर ऊन पडलं. "मामा, घोडा नाहीये," भाचा म्हणाला. मी बटण दाबलं.

मिरजेला आल्यावर चारशे फोटोंतून त्या एकाच फोटोची सोळा बाय वीस प्रिंट काढून घेतली. लॅबमधल्या मुलाने स्क्रीनवर मोठा करून विचारलं, "काका, डाव्या टेकडीवर काहीतरी पांढरं आलंय, काढू का?" मी नको म्हटलं. प्रिंट आता समोरच्या खोलीत आहे. घोडा नाही. एल आणि पी आहेत, भिंग लावलं तर स्पष्ट वाचता येतात.